नागोजीचे मागचे दोन शॉकप

नागोजी हलगेकरला स्वस्थ बसता येत नाही. धारवाडात सप्तापूरच्या रिक्षा स्टँडवर कुणालाही विचारा. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा बाकीचे रिक्षावाले मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे होतात आणि मोबाइल छातीवर ठेवून घोरतात. हा गडी आपला गाडीभोवती घिरट्या घालत असतो. आरसा पुसतो, पुसलेला आरसा पुन्हा पुसतो, टायरवर टाच मारून बघतो, हुडाची दोरी सोडून परत बांधतो. छप्पन्न वर्षं वय झालं, गुडघे कुरकुरतात, तरी हे चालूच.

अळणावरजवळच्या एका खेड्यातून तो विशीत धारवाडला आला. गावात दुसऱ्यांच्या शेतात भात लावून लावून कंबर मोडली, म्हणून बसून करायचं काम शोधलं, असं तो स्वतःच सांगतो आणि हसतो. केलगेरीत दोन खोल्यांचं घर झालं. बायको हिराबाई, आणि एकुलती एक मुलगी शुभांगी, जिला जुन्या हुबळीत दिली आहे. जावई संतोष दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानात कामाला, शांत स्वभावाचा पोरगा. तीस वर्षांत नागोजीच्या तीन रिक्षा झाल्या. त्यांतून त्यानं शाळेची पोरं नेली, कांद्याची पोती नेली, लग्नाचे आचारी त्यांच्या पातेल्यांसकट नेले. मागं वळून न बघता मागं किती माणसं बसलीत आणि त्यांतलं जाडं माणूस कुठल्या बाजूला आहे, हे त्याला हँडलवरून कळतं. या गोष्टीचा त्याला भारी अभिमान.

यंदा मात्र त्याची चुळबूळ हाताबाहेर गेली. शुभांगीला सातवा महिना लागला होता.

आता यात चुळबूळ करण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात ओटी भरायची आणि माहेरच्या माणसानं जाऊन लेकीला घेऊन यायचं, हे घरोघर चालतं. पण या घरात पोटुशी लेकीला आणायची ही दुसरी वेळ होती. दोन वर्षांपूर्वी शुभांगीला पाचवा महिना होता आणि नागोजी तिला चार दिवसांच्या माहेरपणासाठी आपल्याच रिक्षातून हुबळीहून घेऊन आला होता. रस्ता खणून ठेवलेला. एका खड्ड्यात मागचं डावं चाक असं आदळलं की शुभांगी ‘आई गं’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि मूल गेलं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की बाळाचं हृदय आधीच कधीतरी थांबलं असणार, धक्क्याचा यात काही संबंध नाही. हिराबाईनं ते कानांनी ऐकलं, संतोषनं ऐकलं. नागोजी तेव्हा फाटकाबाहेर रिक्षाच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला होता. मागून त्याला सांगितलं, त्यानं मान हलवली. पण पटलं म्हणून मान हलवणारा माणूस वेगळा दिसतो, हे तीस वर्षं त्याच्याशी संसार केलेल्या हिराबाईला कळत होतं.

त्यानंतर शुभांगी बापाच्या रिक्षात बसली नाही. दिवाळीला आली ती हुबळी-धारवाडच्या चिगरी बसनं, बसमधून उतरून दुसऱ्याच कुणाची रिक्षा करून. उगादीच्या पाडव्याला आली तेव्हाही तसंच. नागोजी दारात उभी असलेली आपली गाडी बघायचा, दुसऱ्याच्या रिक्षातून उतरणाऱ्या लेकीकडे बघायचा आणि घरात जाऊन पाणी प्यायचा. घरात कुणी यावर अवाक्षर काढलं नाही. आणि आता नागोजीच्या मनानं एकच गोष्ट धरली होती, लहान मुलं धरतात तशी. या वेळी शुभांगीनं आपल्या गाडीत बसायचं, आणि हुबळीपासून केलगेरीपर्यंत तिला एकही धक्का बसता कामा नये. रविवार ठरला होता. हातात तीन आठवडे होते.

राघवेंद्र नावाचा मेकॅनिक हुबळीत गोकुळ रोडच्या मागं गॅरेज चालवतो. चाळिशीचा, कन्नड माणूस, पण मराठी तुमच्याआमच्यासारखी बोलतो. मोटारसायकलींना आणि मालाच्या तीनचाकींना बाहेरचे चांगले शॉकप, म्हणजे चाकाचे धक्के गिळणारे दांडे, बसवून देण्यात त्याचं नाव आहे. त्यानं नागोजीपुढं एक जोडी ठेवली. स्प्रिंग शॉकपच्याच अंगावर चढवलेली, अंगावर खालपासून निम्म्यापर्यंत बारीक आटे, त्या आट्यांवर एक चकती. आकड्यासारख्या पान्यानं चकती वर चढवली की स्प्रिंग दाबली जाते, खाली उतरवली की मोकळी होते. टोकाला एक छोटी घुंडी, ती फिरवली की टिक टिक वाजते आणि शॉकप परत उसळायचा वेग कमीजास्त होतो. नागोजीनं ती घुंडी इतक्या वेळा फिरवली की राघवेंद्रनं शॉकप त्याच्या हातातून काढून घेतला.

“अण्णा, दुकानात आलेल्या पोरासारखं करू नका. बसा तिथं.”

नागोजी बसला नाही. जॅक लावून गाडी उचलली, मागची चाकं काढली, तेव्हा तो राघवेंद्रच्या खांद्यावरून वाकून बघत होता. जुन्या शॉकपचा वरचा नट सुखानं आला, डाव्या बाजूचा खालचा बोल्ट मात्र गंजून बसलेला. त्यावर तेल सोडून थांबायचं होतं. दहा मिनिटं थांबणं नागोजीला कुठलं जमायला! त्यानं स्वतःच पाना घेतला, पाय लावून हिसका दिला आणि बोटाची सालं काढून घेतली. शेवटी राघवेंद्रनं हातोडीनं दोन बेताचे ठोके मारून तो बोल्ट अलगद काढला. नवीन शॉकपच्या टोकांची रबरं साबणाच्या पाण्यानं ओली करून बसवली, बोल्ट घातले, पण ते पूर्ण आवळले नाहीत.

“ढिले का ठेवलास?” नागोजी म्हणाला.

“गाडी चाकांवर उभी राहिली की आवळायचे. हवेत आवळले तर रबर पिळून बसतं आणि महिन्यात फाटतं. तीस वर्षं गाडी चालवता आणि एवढं म्हाईत न्हाई?”

चाकं चढली, गाडी जमिनीवर आली, बोल्ट आवळले. राघवेंद्रनं खिशातून टेप काढला आणि चाकाच्या मधल्या नटापासून वरच्या पत्र्यापर्यंत अंतर मोजलं. मग विचारलं, “अण्णा, मागं कोण बसणार हाय? त्या हिशोबानं लावतो.”

खरं उत्तर द्यायचं तर दोन वर्षांपूर्वीचं सगळं सांगावं लागलं असतं. नागोजी म्हणाला, “प्यासिंजर.”

“किती?”

“भरपूर.”

झालं. राघवेंद्रनं चकत्या वर चढवल्या. नागोजीनं आणखी चढवायला लावल्या. कारण आमच्या रिक्षावाल्यांची एक समजूत आहे, आणि ती तुम्ही कुठल्याही स्टँडवर जाऊन तपासा. मागून ताठ उभी असलेली गाडी म्हणजे मर्दाची गाडी. माणसं बसली की जिचा मागचा भाग खाली जातो ती बसकी, ती मोडीत घालायच्या लायकीची. तीस वर्षं सहा सहा पोरं आणि त्यांची दप्तरं वाहिलेल्या माणसाला स्प्रिंग म्हणजे दाबून आवळलेली, एवढंच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सप्तापूरला गाडी उभी राहिली तेव्हा तिचा मागचा भाग असा वर आला होता की बाकीच्यांनी चहा सोडून येऊन बघितली. कुणी हातानं दाबून बघितली, ती हलली नाही. “नागोजी, लग्नाला उभी केलीस काय रे गाडी?” असं एकानं विचारलं. नागोजीनं त्या दिवशी आरसा चार वेळा कमी पुसला असेल.

मग परीक्षा सुरू झाल्या. ओळखीच्या दुकानातून त्यानं तांदळाची तीन पोती आणली, मागच्या सीटवर बसवली, दोरीनं बांधली, आणि पोत्यांच्या मध्ये काठोकाठ पाणी भरलेलं पातेलं ठेवलं. केलगेरीच्या तळ्याकडं जाणारा रस्ता यंदाच्या पावसानं पार खाल्लेला होता. त्या रस्त्यावरून तो पातेलं घेऊन गेला आणि परत आला. फिरायला निघालेल्या लोकांनी वळून वळून बघितलं. पाणी एक थेंब सांडलं नव्हतं. नागोजीला तिथंच रस्त्यावर नाचावंसं वाटलं. घरी आल्यावर मात्र वाटलं, अजून अर्धा आटा चढवला तर आणखी बरं होईल. राघवेंद्रकडून एक पाना त्यानं मागूनच आणला होता. अर्धा आटा चढवला. दोन दिवसांनी आणखी अर्धा. जेवताना मध्येच उठून बाहेर जायचा, चकतीला हात लावून यायचा आणि थंड झालेली आमटी प्यायचा. हिराबाई बघत होती. ती बोलली नाही, कारण या माणसाला काय झालंय हे तिला जवळजवळ कळलं होतं आणि उरलेलं तो स्वतः सांगेल म्हणून ती वाट बघत होती.

रविवार पाच दिवसांवर आला तेव्हा त्यानं हिराबाईला म्हटलं, “चल, जरा बस गाडीत. मांडीवर हे ताकाचं भगुणं धर.”

“भगुणं कशाला?”

“धर म्हटलं की धर.”

हिराबाई बसली. डाव्या बाजूला बस, असंही त्यानं सांगितलं, तेव्हा तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं. शुभांगी लहानपणापासून डाव्या बाजूलाच बसायची. गाडी तळ्याच्या रस्त्याला लागली. पहिल्याच खड्ड्यात भगुण्यातलं ताक उसळून हिराबाईच्या पदरावर आलं. दुसऱ्यात तिच्या तोंडावर आलं. तिसऱ्यात ती स्वतःच सीटवरून वीतभर उडाली, डोकं वरच्या दांडीला लागलं, आणि भगुणं खाली पडून घरंगळत रस्त्यावर गेलं.

नागोजीनं गाडी थांबवली. मागं वळून बघायचीही त्याला हिंमत होईना.

“मेला तुमचा शॉकप!” हिराबाई ओरडली. “ह्याच्यापेक्षा बैलगाडी बरी की! काय दगडबिगड घातलायसा काय खाली?”

“पोती ठेवली तवा पाणी हाललं न्हाई गं,” नागोजी म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “तीन पोती होती. एक थेंब सांडला न्हाई.”

“पोत्यांनी कधी आई गं म्हटलंय काय?”

तिला बोलून वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही. पदराचं ताक पिळत ती खाली उतरली, भगुणं उचलून आणलं आणि गाडीच्या दांडीला धरून उभी राहिली.

“शुभीला ह्यातनं आणायचं ठरवलायसा नव्हं?” ती म्हणाली. “मला कळत न्हाई व्हय? पण एक सांगा मला. पोरीसाठी करालायसा हे, का आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून करालायसा? तुमचं मन निवायला म्हणून पोटुशी पोर ह्या गाडीत बसवायची काय?”

नागोजी घरापर्यंत गाडी ढकलल्यासारखी हळू घेऊन आला. त्या दिवशी तो स्टँडवर गेलाच नाही. अंगणात जाऊन उभा राहायचा, आत यायचा, पुन्हा जायचा. हिराबाईचं बोलणं त्याला झोंबलं होतं, आणि झोंबलं कारण ते खरं होतं. आपल्याला लेकीला सुखरूप आणायचं होतं, का लेकीकडून माफी घ्यायची होती, हेच त्याला नीट सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो राघवेंद्रच्या दारात हजर झाला, आणि या वेळी त्यानं काही लपवलं नाही. पाचवा महिना, डावं चाक, ‘आई गं’, दवाखान्याचं फाटक, सगळं सांगितलं. सांगताना गॅरेजमधला एक नट उचलून तो बोटांत फिरवत राहिला. शेवटी राघवेंद्र म्हणाला, “हे मला त्या दिवशी सांगायचं होतं ना, अण्णा.”

मग त्यानं समजावलं. स्प्रिंग आवळली म्हणजे गाडी चांगली झाली असं नसतंय. माणूस बसला की गाडीनं थोडं खाली बसायला पायजे, तरच खड्डा आला की चाक खाली सुटतंय आणि उंचवटा आला की वर येतंय. तुम्ही ती सहा माणसांसाठी आवळली. तीन पोत्यांच्या वजनानं ती थोडी तरी दबत होती. एकट्या बाईच्या वजनानं ती हलणारच न्हाई. सगळा धक्का सरळ तिच्या कमरेत जाणार.

“मुलीचं वजन किती?”

“गेल्या खेपेला दवाखान्यात त्रेसष्ट सांगितलं,” नागोजी पटकन म्हणाला. संतोषला फोन करून करून तो हे विचारत असायचा.

“मी चौसष्ट हाय,” राघवेंद्र म्हणाला आणि स्वतः जाऊन मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसला. “आता मी तुमची मुलगी. टेप घ्या.”

सबंध सकाळ त्यात गेली. नागोजी हँडलवर, राघवेंद्र मागं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला टेप धरायला बोलावलं. चकत्या खाली, खाली, आणखी खाली आणल्या. रिकामी गाडी आणि दोन माणसं बसलेली गाडी, यांत तीन बोटं फरक पडेपर्यंत. वजन डावीकडं येणार म्हणून डावी चकती उजवीपेक्षा अर्धा आटा वर ठेवली. मग राघवेंद्र पोटावर हात ठेवून मागं बसला आणि नागोजीनं त्याला जुन्या हुबळीच्या गल्लीबोळांतून फिरवलं. गाडी खड्ड्यातून वर येऊन दोनदा डुलली की राघवेंद्र मागून ओरडायचा, “निल्लसरी!” म्हणजे थांबवा. गाडी थांबली की उतरायचा, घुंडी दोन टिकटिक पुढं करायचा आणि परत बसायचा. बाजारातल्या बायका हसायला लागल्या होत्या. चौथ्या फेरीला तो काही बोललाच नाही. नागोजीनं घाबरून मागं बघितलं, तर तो डोळे मिटून बसला होता.

“ईग सरी आय्तु,” तो म्हणाला. आता बरोबर झालं.

बरोबर झालं खरं, पण गाडी दिसायला बसकी झाली. स्टँडवर त्याची फजिती व्हायची ती झाली. “नागोजी, गाडीला बाळंतपण आलं काय रे?” अशी चौकशी झाली. एरवी तो भांडला असता. या वेळी त्याचं लक्षच नव्हतं. गाडी ठीक झाली होती आणि हिराबाईचा प्रश्न होता तिथंच होता. दोन दिवस तो हा प्रश्न घेऊन धारवाडभर फिरला. शनिवारी दुपारी त्यानं संतोषला फोन केला आणि म्हणाला, “संतोष, उद्याला एक कार सांगून ठेव. चांगली, मोठी बघ.”

“सांगितलीय मामा, कालच,” संतोष म्हणाला.

कालच. म्हणजे त्यांनी आपल्याला विचारलंसुद्धा नव्हतं. नागोजीनं फोन खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. आपणच ‘कार सांग’ म्हणालो होतो, तरी ते त्याला लागलं. हिराबाईला त्यानं सांगितलं, मी रिक्षा घेऊन जातो, सामान कारमध्ये मावणार नाही. ती हो म्हणाली. सामान किती असणार हे तिलाही ठाऊक होतं.

रविवारी जुन्या हुबळीत पोहोचला तेव्हा ओटी भरून झाली होती. दारात पांढरी कार उभी. शुभांगीची सासू शांताबाई खणानारळाची पिशवी बांधत होती. नागोजीनं चहा उभ्यानंच प्याला, बॅग उचलून कारच्या डिकीत ठेवली, दुसरी उचलली, ती पण डिकीतच मावली. मग हातात घ्यायला काही उरलं नाही. तो रिक्षाजवळ जाऊन हुडाची दोरी सोडून बांधायला लागला.

शुभांगी बाहेर आली. हिरवा चुडा, कपाळावर भरगच्च कुंकू, चालताना एक हात कमरेवर. ती कारकडं गेली नाही. रिक्षासमोर येऊन उभी राहिली आणि गाडीकडं बघायला लागली.

“अप्पा, गाडी बसकी का दिसालीय?”

“शॉकप बदललेत मागचे,” नागोजी म्हणाला. “ढिले ठेवलेत जरा.”

“का?”

“असंच. प्यासिंजरला बरं पडतंय.”

“कुठल्या प्यासिंजरला?”

नागोजी दोरीची गाठ मारत राहिला. एक मारली, तिच्यावर दुसरी मारली.

“अप्पा, मला बस म्हणणार न्हाईसा काय?” शुभांगीचा आवाज चिरकला. “दोन वर्षं झाली. एकदा तरी म्हटलासा काय, शुभे, बस गाडीत, सोडतो? मी बसमधनं उतरून उभी राहायची स्टॉपवर. वाटायचं, आज येतील न्यायला. तुम्ही आलासाच न्हाई. मला वाटलं, रोज सकाळी उदबत्ती लावून पूजा करतासा त्या गाडीची, आणि माझ्यामुळं त्या गाडीत तसलं झालं. म्हणून तुम्हाला मी नको असंन त्यात.”

नागोजीला वाटलं कुणीतरी आपल्या छातीत पाना घालून पिळला. दोन वर्षं त्यानं हेच मनात घोळवलं होतं की पोरीला आपण नको आहोत. तो स्टॉपवर गेला नाही, कारण तिनं मान फिरवली तर ते सोसवलं नसतं. आणि ही पोर तिकडं उन्हात उभी राहून वाट बघत होती. त्याला खूप काही सांगायचं होतं. माझ्यामुळं, तुझ्यामुळं न्हाई, असं काहीतरी. तोंडातून एवढंच निघालं, “बस.”

“अगं, कारमध्ये बस की! कार कशाला आणलीय मग?” शांताबाई दारातून म्हणाली.

“बसू दे आई,” संतोष म्हणाला. “मी येतो कारनं मागनं.”

शुभांगी डाव्या बाजूला बसली. गाडी थोडी खाली गेली. ती किती खाली गेली हे नागोजीला हँडलवरून कळलं, आणि ते बरोबर तेवढंच होतं.

जुन्या हुबळीच्या गल्लीतून निघताना तिनं पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आरशात त्याला तिची पांढरी झालेली बोटं दिसत होती. पहिला खड्डा आला. मागचं डावं चाक खाली गेलं, वर आलं, आणि गाडी एकदाच हलकेच दबून सरळ झाली. मागून आवाज आला नाही. दुसरा खड्डा. तिसरा. उणकलच्या तळ्यापाशी तिनं एक हात सोडला. नवनगरला दुसरा सोडून पोटावर ठेवला. मोठ्या रस्त्यावर चिगरी बसेस सणासण बाजूनं जात होत्या, आणि नागोजी तिशीच्या वर काटा जाऊ देत नव्हता. मागची पांढरी कार बिचारी पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत येत होती. “ताक ठेवलंय आईनं तुझ्यासाठी,” नागोजी एकदा म्हणाला. उत्तर आलं नाही. त्यानं आरशात बघितलं.

शुभांगीचं डोकं बाजूच्या पडद्याला टेकलं होतं. तोंड जरासं उघडं होतं. ती झोपली होती. लहानपणी शाळेतून येताना दप्तर मांडीवर घेऊन अशीच झोपायची, आणि घराशी गाडी बंद झाली की दचकून जागी व्हायची आणि रडायची.

ज्युबिली सर्कलची गर्दी त्यानं कशी काढली ते त्यालाच ठाऊक. हॉर्न एकदाही वाजवला नाही. केलगेरीच्या तोंडाशी गतिरोधक होता, तो त्यानं तिरका, एकेक चाक करून ओलांडला. नागोजी आता रडत होता आणि ते त्याला कळलंही नव्हतं, फक्त समोरचं सगळं धूसर दिसत होतं. गल्लीत वळला. दारात हिराबाई उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा, लेकीवरून ओवाळून टाकायला. रिक्षात शुभांगी बसलेली बघून तिचे डोळे मोठे झाले.

नागोजीनं ओठांवर बोट ठेवलं आणि गाडी न थांबवता तिच्यासमोरून पुढं नेली.

“अहो! अहो, कुठं चाललासा?” हिराबाई म्हणाली. मग तिला मागच्या सीटवरचं टेकलेलं डोकं दिसलं आणि ती गप्प झाली. मागून कार आली. आत बसलेल्या संतोषनं काच खाली करून सासूकडं बघितलं, काही न कळून हात हलवला, आणि कारही रिक्षाच्या मागं निघून गेली.

तळ्याला वळसा घालून नागोजी परत आला. हिराबाई तिथंच उभी होती. त्यानं आरशात बघितलं, मान हलवली आणि पुढं गेला. तिसऱ्या खेपेला आला तेव्हा हिराबाई पायरीवर बसली होती. तांब्या शेजारी, भाकरीचा तुकडा त्याच्यावर झाकलेला. रिक्षा जवळ येताना बघून ती उठली नाही. तिनं फक्त हात वर करून खूण केली, जा, अजून एक फेरी मार.